जहाज नसलेल्या कंपनीला कंत्राट: ब्रिटिश संसदेने काय पकडलं आणि काय निसटलं

डिसेंबर 2018 मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्याने जादा फेरी वाहतुकीसाठी, म्हणजे मालट्रक समुद्रापार नेणाऱ्या बोटींसाठी, तीन कंत्राटं दिली. त्यांपैकी एका कंपनीकडे स्वतःचं एकही जहाज नव्हतं. पुढचे चार महिने हे प्रकरण संसदेत गाजलं. सरकारी खरेदीवर लोकप्रतिनिधींनी नजर कशी ठेवावी, हे शिकण्यासाठी ते उपयोगी आहे. त्याचं मोठं कारण असं, की संसदेचं लक्ष सर्वाधिक ज्या कंत्राटाकडे गेलं, त्यात तिजोरीचं सर्वांत कमी नुकसान झालं. अधिकारी आणि कंपन्यांतल्या व्यक्तींची नावं इथे गाळली आहेत. मंत्र्यांची नावं सार्वजनिक नोंदीतलीच आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटनने 29 मार्च 2017 ला युरोपीय संघाला बाहेर पडण्याची, कलम 50 खालची नोटीस दिली. नोटिशीची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे करार होवो न होवो, 29 मार्च 2019 च्या रात्री 11 वाजता बाहेर पडायचं, हे त्याच दिवशी ठरलं. पुढे सगळं प्रकरण याच तारखेभोवती फिरतं.

डोव्हर बंदरातून दिवसाला 10,000 पर्यंत मालट्रक जातात. समोर फ्रान्समधलं कॅले, आणि शेजारी खाडीखालचा रेल्वे बोगदा, जो युरोटनेल ही कंपनी चालवते. करार न होता बाहेर पडलं तर कॅलेत कागदपत्रांची तपासणी सुरू होणार आणि डोव्हरकडच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागणार, हे उघड होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने वाईटातल्या वाईट शक्यतेचा अंदाज नव्याने मांडला. हा खोळंबा काही दिवसांत मिटणार नाही, सहा महिन्यांपर्यंत चालू शकतो, असा त्याचा अर्थ होता. सर्वांत मोठी काळजी औषधांची होती.

तेव्हा वाहतूक खात्याने डोव्हर टाळून जाणाऱ्या फेरी बोटींवर आधीच जागा विकत घेऊन ठेवायचं ठरवलं.

अडचण

हातात पाच महिने होते. जहाजं भाड्याने मिळवणं, खलाशी नेमणं, बंदरात धक्का मिळवणं, वेळापत्रक बदलणं या कामांनाच त्यातला बराचसा वेळ लागतो. उरलेल्या वेळात टेंडरची प्रक्रिया बसवायची होती.

राजकीय पेच वेगळाच होता. खात्याने उघड टेंडर काढलं असतं, तर करार होणार नाही हे सरकारनेच मान्य केलं असा अर्थ निघाला असता, तोही ब्रसेल्समध्ये वाटाघाटी चालू असताना. म्हणून शांतपणे, निवडक कंपन्यांशी बोलून काम उरकण्याकडे कल झाला. तातडी होती, पण गुपचूप काम उरकण्याची सोयही होती. कागदावर मात्र फक्त तातडीचाच उल्लेख आला.

विचारात घेता येतील असे पर्याय

काहीच न करणं हा पहिला पर्याय. मागणी असेल तर फेरी कंपन्या स्वतःच फेऱ्या वाढवतील, असं बाजारावर सोडून द्यायचं. पण ज्या संकटाची शक्यता निम्मीच आहे त्यासाठी कोणतीही कंपनी स्वतःच्या खर्चाने जहाज अडकवून ठेवत नाही. त्यामुळे हा पर्याय खरा नव्हताच.

दुसरा पर्याय उघड स्पर्धेचा. तेव्हा लागू असलेल्या 2015 च्या ब्रिटिश सार्वजनिक कंत्राट नियमांनुसार खुल्या निविदेला साधारण 35 दिवस द्यावे लागत. तातडी असेल तर ही मुदत 15 दिवसांवर आणता येत असे. निकाल कळवल्यानंतर सह्या करण्याआधी आणखी 10 दिवस थांबायचं, म्हणजे हरलेल्याला हरकत घ्यायला जागा मिळायची. देकारांची छाननी धरली तरी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरुवात केली असती तर डिसेंबरपर्यंत हे बसलं असतं. ओढाताण झाली असती, पण अशक्य नव्हतं.

तिसरा पर्याय नियम 32 चा: जाहिरात न देता थेट वाटाघाटी. याची अट कडक होती. तातडी अत्यंत असावी, ती ज्या घटनेमुळे आली ती खात्याला आधी दिसू शकणारी नसावी, आणि तातडी खात्याच्या स्वतःच्या दिरंगाईतून आलेली नसावी. भारताच्या सामान्य वित्तीय नियमांतही, 2017 च्या नियम 166 मध्ये, आणीबाणीत एकाच पुरवठादाराकडून खरेदीची मुभा आहे, मात्र कारण लेखी नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. मार्च अखेरीला अचानक उगवणारी तातडी आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ओळखीची आहे. तिथेही प्रश्न हाच असतो: तातडी आली, की येऊ दिली?

खात्याने तिसरा पर्याय घेतला.

काय केलं

डिसेंबरच्या उत्तरार्धात सह्या झाल्या आणि नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर कंत्राटांची सूचना प्रसिद्ध झाली. एकूण जाहीर रक्कम सुमारे 10 कोटी 80 लाख पौंड. त्यातला बहुतांश वाटा फ्रान्सची ब्रिटनी फेरीज आणि डेन्मार्कची डीएफडीएस या दोन जुन्या, जहाजं चालवणाऱ्या कंपन्यांचा. तिसरं कंत्राट 1 कोटी 38 लाख पौंडांचं, सीबोर्न फ्रेट या नव्या ब्रिटिश कंपनीला. तिघांकडून मिळून आठवड्याला सुमारे 4,000 ट्रकांची जादा जागा मिळणार होती. डोव्हरच्या रोजच्या आकड्याशी ताडून पाहिलं, तर ही आठवड्याची जागा त्या एका बंदराच्या एका दिवसाच्या वाहतुकीच्या निम्मीही नव्हती.

सीबोर्नची नोंदणी 2017 मधली. इंग्लंडमधलं रॅम्सगेट ते बेल्जियममधलं ऑस्टेंड या मार्गावर ती सेवा सुरू करणार होती. रॅम्सगेटहून नियमित फेरी 2013 मध्येच बंद पडली होती. बंदरातला गाळ काढणंही बाकी होतं. जहाजांचा भरवसा आर्कलो शिपिंग या आयरिश कंपनीच्या पाठिंब्यावर होता.

खात्याने तपासणी केली नाही असं नव्हे. आर्थिक बाजूसाठी डिलॉइट, कायद्यासाठी स्लॉटर अँड मे आणि तांत्रिक बाजूसाठी मॉट मॅकडोनाल्ड नेमले होते. सल्लागारांवर सुमारे 8 लाख पौंड खर्च झाले. सीबोर्नच्या बाबतीत सेवा प्रत्यक्षात सुरू न होण्याचा धोका मोठा आहे, हे या तपासणीतही नोंदलेलं होतं. म्हणूनच त्या कंत्राटात अट होती, की बोट सुटल्याशिवाय पैसे नाहीत. उरलेल्या दोन कंत्राटांत मात्र जागा राखून ठेवण्याचीच किंमत होती आणि रद्द केल्यास भरपाई.

संसदेने काय पकडलं

नाताळच्या सुट्टीत संसद बंद होती, त्यामुळे पहिली शोधाशोध वर्तमानपत्रांनी केली. कंपनीकडे जहाज नाही ही बातमी डिसेंबरच्या अखेरीस आली. पाठोपाठ कळलं, की तिच्या संकेतस्थळावरच्या अटी-शर्ती घरपोच जेवण पुरवणाऱ्या कुठल्याशा सेवेकडून उचललेल्या दिसतात: ऑर्डर नीट तपासून घ्या वगैरे. असा तपशील हाती लागला की कोणत्याही विरोधी पक्षाला तो टाकवत नाही.

सभागृह जानेवारीत भरताच वाहतूक मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांना अर्जंट क्वेश्चनला उत्तर द्यावं लागलं. आपल्या विधिमंडळातल्या लक्षवेधीशी हे थोडंफार जुळतं, पण रीत अधिक तडक आहे. सदस्य सकाळी अर्ज करतो, सभापती दुपारपर्यंत ठरवतात, आणि परवानगी मिळाली तर मंत्र्याला त्याच दिवशी सभागृहात उभं राहावं लागतं. ग्रेलिंग यांचा बचाव ठाम होता: नव्या उद्योगाला संधी दिली, तपासणी केली आणि सेवा मिळाल्याशिवाय एक पेनीही जाणार नाही.

या बचावात तथ्य होतं. सीबोर्नला खरोखर काही द्यावं लागलं नाही. आर्कलोने हात काढून घेतल्यावर 9 फेब्रुवारीला कंत्राट रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि विषय पुन्हा सभागृहात आला. याच सुमारास राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाची टिपण्णी आली, आणि कॉमन्सच्या (कनिष्ठ सभागृहाच्या) लोकलेखा समितीने खात्याच्या सचिवांची साक्ष घेतली.

कोणती समिती कोणाला काय विचारते, हे इथे महत्त्वाचं आहे. ब्रिटनची लोकलेखा समिती 1861 पासूनची. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो आणि जाब प्रामुख्याने खात्याच्या सचिवाला विचारला जातो, कारण तो लेखा अधिकारी म्हणून संसदेला थेट जबाबदार असतो. खर्च नियमात बसतो का, औचित्याला धरून आहे का, पैशाचं मोल मिळतं का, आणि ठरलं ते होण्यासारखं आहे का, या चार गोष्टींची हमी सचिवाची. यांपैकी एकही बसत नसेल तर त्याने मंत्र्याकडून लेखी निर्देश मागायचा असतो. मग जबाबदारी मंत्र्यावर जाते आणि त्याची माहिती लेखापरीक्षकाला मिळते. मुळात जागा विकत घ्यायची की नाही, हा धोरणाचा प्रश्न. तो वाहतूक समितीकडे, मंत्र्यासमोर. आपल्याकडेही लोकलेखा समितीपुढे येतात ते सचिव, मंत्री नव्हे.

काय निसटलं

सगळ्यांना जहाज दिसलं. नियम 32 कमी जणांना दिसला, आणि ज्यांना दिसला त्यांचा प्रश्न गदारोळात हरवला.

कंत्राटाच्या सूचनेतच लिहिलं होतं, की आधी न दिसू शकणाऱ्या घटनांमुळे अत्यंत तातडी निर्माण झाली, म्हणून जाहिरात न देता वाटाघाटी केल्या. सूचना सार्वजनिक होती. बाहेर पडण्याची तारीख 21 महिने आधीपासून माहीत होती. खात्याचं म्हणणं असं, की न दिसलेली गोष्ट तारीख नव्हे, ऑक्टोबरमधला नवा अंदाज होय. या युक्तिवादाला थोडा आधार आहे, पण न्यायालयात तो टिकेल याची खात्री देणारा वकील मिळणं कठीण.

युरोटनेलने नेमकं तेच पकडलं. आम्हाला बोलावलंच नाही, प्रक्रिया गुपचूप झाली, असं म्हणत ती उच्च न्यायालयात गेली. तुम्ही तर फेरी चालवत नाही, असं सरकारचं उत्तर. पण याच समूहाची मायफेरीलिंक ही फेरी सेवा 2015 पर्यंत डोव्हर-कॅले मार्गावर चालत होती, त्यामुळे हे उत्तर वाटलं तितकं भक्कम नव्हतं.

जानेवारीच्या त्या पहिल्या प्रश्नोत्तरातच एखाद्या सदस्याने नुसतं एवढं धरून ठेवलं असतं तर? नियम 32 लावण्याचा निर्णय कोणत्या तारखेला झाला, 15 दिवसांची जलद निविदा का नाकारली, आणि न्यायालयीन आव्हानाच्या शक्यतेबद्दल कायदा सल्लागारांनी काय लिहून दिलं? सल्ला उघड करायला मंत्री नकार देऊ शकतात. पण तारीख सांगायला नकार देणं अवघड असतं. तारखेवरूनच दिरंगाई किती होती ते निघतं.

तडजोडीचा निर्णय

सुनावणी 1 मार्च 2019 ला सुरू व्हायची होती. बाहेर पडायला चार आठवडे. सरकारसमोर दोन वाटा होत्या: लढायचं, किंवा मिटवायचं.

लढण्यातला धोका नुसत्या भरपाईचा नव्हता. बेकायदा थेट कंत्राट न्यायालय निष्प्रभ ठरवू शकत होतं. मग ऐन मार्चअखेरीला ब्रिटनी आणि डीएफडीएसच्या बोटीही हातच्या गेल्या असत्या. सुनावणी सुरू होण्याच्या दिवशीच तडजोड झाली. युरोटनेलला 3 कोटी 30 लाख पौंड, आणि बदल्यात कंपनीने सीमेवरची वाहतूक सुरळीत राहावी म्हणून आपल्या टर्मिनलमध्ये सुधारणा करायच्या.

निर्णयाच्या त्या क्षणी तडजोड शहाणपणाची होती, असं आमचं मत. डिसेंबरमधली चूक एकदा झाल्यावर मार्चमध्ये हाच स्वस्त मार्ग उरला होता. मात्र ती मांडली गेली ती चूक झाकणाऱ्या पद्धतीने. सोमवारी, 4 मार्चला, पुन्हा अर्जंट क्वेश्चन आला, आणि उत्तराला ग्रेलिंग आलेच नाहीत. आरोग्य मंत्री मॅट हॅनकॉक उभे राहिले. तडजोड औषधांच्या पुरवठ्यासाठी आहे, म्हणून आरोग्य खातं उत्तर देतं, असा पवित्रा होता. नियमाने यात चुकीचं काही नाही. सरकारतर्फे कोणीही मंत्री उत्तर देऊ शकतो आणि सभापती त्याला अडवू शकत नाहीत. पण ज्याने नियम 32 ची वाट निवडली त्या खात्याला त्या दिवशी प्रश्न विचारताच आला नाही. ग्रेलिंग कुठे आहेत, यातच बराच वेळ गेला.

पुढे पी अँड ओ या फेरी कंपनीने या तडजोडीलाच आव्हान दिलं: सरकारी पैशाने आमच्या प्रतिस्पर्ध्याचं टर्मिनल सुधारतंय, हे कसं? एका आडवाटेने घेतलेल्या निर्णयातून दुसरा दावा उभा राहतो, त्याचा हा ठळक नमुना.

निष्पत्ती

बाहेर पडण्याची तारीख आधी 12 एप्रिल आणि मग 31 ऑक्टोबरवर गेली. विकत घेतलेली जागा मार्चअखेरीपासूनची होती. तिचा उपयोग संपला. 1 मेला सरकारने उरलेली दोन्ही कंत्राटं रद्द केली. त्याचा खर्च सुमारे 5 कोटी पौंड. जुलैमध्ये पंतप्रधान बदलले आणि ग्रेलिंग मंत्रिमंडळाबाहेर गेले.

हिशेब मांडला तर चित्र असं दिसतं. जहाज नसलेल्या कंपनीला शून्य. नामांकित कंपन्यांच्या निर्दोष वाटणाऱ्या कंत्राटांवर सुमारे 5 कोटी. जिला कंत्राट दिलंच नाही त्या कंपनीला 3 कोटी 30 लाख. संसदेतला वेळ मात्र बरोबर उलट्या क्रमाने खर्च झाला.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत साधा उपाय खात्याच्या हातात होता. थेट कंत्राट द्यायचंच होतं, तर सह्यांआधी तशी ऐच्छिक सूचना प्रसिद्ध करून 10 दिवस थांबायची सोय त्या नियमांतच होती. नियम 32 लागू होतो असा खात्याचा प्रामाणिक समज असेल आणि ही सूचना दिलेली असेल, तर पुढे त्या कारणावरून कंत्राट निष्प्रभ ठरवता येत नसे. युरोटनेलला हरकत घ्यायची तर तिने त्या 10 दिवसांतच घेतली असती, म्हणजे डिसेंबरमध्ये, जेव्हा तिच्या हातात मार्चची तलवार नव्हती. गुप्तता गेली असती, हे खरं. पण ती तशीही आठवडाभरात गेलीच.

दुसरी गोष्ट तारखेची. मुदतवाढ मिळू शकते हे डिसेंबरमध्ये कोणालाही दिसत होतं. सुरुवातीची तारीख ठरावीक रक्कम देऊन पुढे ढकलण्याची तरतूद पहिल्या दिवशी मागितली असती, तर कंपन्यांनी जादा दर लावला असता. तो दर आणि मेमधली 5 कोटींची भरपाई यांची तुलना करून निर्णय घ्यायला हवा होता. अनिश्चित तारखेची सेवा निश्चित तारखेने विकत घेणं हीच मुळातली चूक.

समित्यांच्या बाजूने अडचण गोपनीयतेची होती. व्यापारी गुपित म्हटलं की उघड बैठकीत कागद येत नाहीत. अशा वेळी बंद दाराआड कागद पाहून उघड अहवालात फक्त निष्कर्ष लिहिण्याची रीत समितीला उपलब्ध असते. तडजोडीत तर तिची गरज अधिक, कारण भरपाईची रक्कम किती धोक्याच्या बदल्यात दिली, हे कळल्याशिवाय तिचं मोल ठरवताच येत नाही. आणि असे कागद मागायचे ते कंत्राट रद्द झाल्यावर नव्हे, नियम 32 चा उल्लेख सूचनेत दिसल्याच्या आठवड्यातच. अशा सूचना रोज चाळणारा एक कर्मचारी समितीकडे असला तरी पुरे.

त्याच वर्षाच्या शरद ऋतूत खात्याने रीत बदलली. आधी पात्र कंपन्यांची यादी खुली करून घेतली आणि गरज पडली की तिच्यातच स्पर्धा, अशी चौकट उभी केली. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यातून ब्रिटनी, डीएफडीएस, पी अँड ओ आणि स्टेना लाइन यांना मिळून 8 कोटी 66 लाख पौंडांची कंत्राटं गेली. आदल्या वर्षी नियम 32 ने साधलेली जागा या वेळी उघड स्पर्धेतून मिळाली. तारीख पुन्हा हुकली आणि कंत्राटं रद्द करण्याचा खर्च पुन्हा आलाच, सुमारे 1 कोटी 10 लाख पौंड.